साडूंच्या खिशातला चुंबक

सरळ वाटेने चाललेल्या माणसाला बाजूला ओढण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा दुसरा इसम अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. हे विधान मी जपून करतो आहे. अदमासाने बोलायची मला सवय नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. लोक शर्टाच्या डाव्या खिशात पेन ठेवतात. हे सुपारीएवढा चुंबक ठेवत. त्यामुळे छातीवर सदैव एखादी टाचणी नाहीतर किल्ली चिकटलेली. "काही हरवलं की घर शोधायचं नाही, यांचा शर्ट झाडायचा," असं अक्का, म्हणजे माझी मेहुणी, म्हणे. उजव्या खिशात एक इवलासा दिवा जोडलेली पट्टी असे. चुंबक जवळ नेला की दिवा लागे, लांब नेला की विझे. तळ्याकाठी फिरायला आलेल्या कुणालाही थांबवून ते हा दिवा दाखवत आणि लागला की स्वतःच विचारत, "पेटला?" समोरच्याने "पेटला की" म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे.

त्यांचा सगळा जीव हॉल परिणामावर. धातूच्या पट्टीतून वीज वाहताना वरून चुंबक धरला की आतले विद्युतभार एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं. गोष्ट एवढीच. पण एका लग्नात बुफेच्या रांगेत त्यांनी ती मला साग्रसंगीत सांगितली. "साडूभाऊ, ही रांग म्हणजे करंट. डावीकडं गरम जिलेबी आली. काय होणार?"

"लोक डावीकडे सरकणार."

"कुठवर? डावीकडं गर्दी झाली की तीच गर्दी मागून येणाऱ्यांना परत ढकलते. मग ते मुकाट्यानं सरळ चालतात. दोन्हीकडच्या गर्दीतला फरक म्हणजे आपलं हॉल व्होल्टेज! आणि एक ध्यानात ठेवा, खुर्चीत बसलेल्याला चुंबक वळवत नाही. चालत्यालाच वळवतो."

मागून आवाज आला, "सर, तुमचं व्होल्टेज झालं असंल तर प्लेट पुढं घ्या की!" तोवर जिलेबी संपली होती. मला एकही मिळाली नाही, हे नमूद करतो.

माझ्या गच्चीवर सोलर बसलं तेव्हा ते चिमट्यासारखं मीटर घेऊन आले, तारेला नुसता विळखा घातला आणि हॉलच्याच जोरावर आतला करंट सांगितला. मी तो इन्व्हर्टरवरच्या आकड्याशी ताडून पाहिला, जुळला. त्या दिवसापासून मी त्यांना मान देऊ लागलो. पण मानालाही मर्यादा असते. माझ्या मुलीची ऑनलाइन मुलाखत चालू असताना धीर द्यायला म्हणून हे शेजारी बसले आणि लॅपटॉपच्या कडेवर झुकले. पडदा काळा! मागे सरले की पडदा चालू, झुकले की पुन्हा काळा. मुलगी रडकुंडीला आली. साडू मात्र आनंदाने ओरडले, "अगं, याला वाटतंय झाकण मिटलं! आत हॉल सेन्सर हाय!" पलीकडचे साहेब म्हणाले, "हे गृहस्थही उमेदवार आहेत का?" मुलीला नोकरी मिळाली. साडू त्याचं श्रेय सेन्सरला देतात.

मध्यंतरी ते आंघोळीहून येताना चक्कर येऊन पडले. पुन्हा पडले. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला, डाव्या छातीत. आणि चुंबक त्यापासून किमान वीतभर लांब, कायमचा. साडू म्हणाले, "मग नको." अक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "अय्यो, लोखंडाच्या तुकड्यापायी जीव देता का हो?" हे गप्प. गप्प बसलेले साडू मी प्रथमच पाहत होतो, आणि मला भीती वाटली.

अखेर डॉक्टर समजुतीने म्हणाले, "सर, चुंबक जवळ आला की यंत्राला कळतं. ते आपला ठेका बदलतं. म्हणून जपायचं."

साडूंनी मान वर केली. "कळतं कसं?"

"आत सेन्सर असतो."

"कुठला? रीड स्विच का हॉल?"

डॉक्टरांनी बाहेर जाऊन कंपनीच्या माणसाला विचारलं. परत येऊन म्हणाले, "हॉल."

"मग बसवा की!" साडू म्हणाले. "इतका वेळ सांगायला काय झालं होतं?" अक्का हसली की रडली, ते मला नीट सांगता येणार नाही.

आता चुंबक माझ्याकडे असतो. संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी फिरतो. मी त्यांच्या उजवीकडून चालतो आणि चुंबक माझ्या उजव्या खिशात. डॉक्टर वीतभर म्हणाले होते, मी हातभर धरतो. कुणी ओळखीचं भेटलं की साडू थांबतात, पट्टी बाहेर काढतात आणि उजवा हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करतात. मी पलीकडून चुंबक पुढे करतो. त्यांची नजर आता अधू झाली आहे. उन्हात दिवा त्यांना दिसत नाही.

"पेटला?" ते विचारतात.

समोरचा माणूस कधीकधी निघून गेलेला असतो. मग मीच म्हणतो, "पेटला की."