मंडईच्या नाटकातला बाप

चिमूरजवळच्या त्या गावात पत्रूपेक्षा वयानं मोठी माणसंही त्याला ‘बाबा’ म्हणत. भाऊबीजेनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली की रात्री मंडळाचं नाटक व्हायचं. नाटक दर वर्षी नवं, पण त्यातला बाप पत्रूच. एरवी हा गडी शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा. हात कायम ग्रीसनं काळे आणि बोलणं इतकं हळू, की गिऱ्हाईकाला दोनदा विचारावं लागे. मंचावर चढला की मात्र आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. एका वर्षी त्यानं लेकीला घराबाहेर काढणारा बाप असा काही रंगवला, की दुसऱ्या दिवशी बायांनी त्याला नळावर शिव्या घातल्या. त्या शिव्या तो बक्षीस मिळाल्यासारख्या सांगत फिरला.

यंदा तर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. त्याची लेक दिव्यानी लग्नानंतर पहिल्यांदाच कोरपन्याहून सासू-सासऱ्यांना घेऊन मंडईला येणार होती. आपल्या बाबांचं नाटक दाखवते, असं ती सासरी सांगून बसली होती. पोळ्यापासून पत्रू मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता संवाद म्हणत होता. स्वतःचे पाठ झाले तसे इतरांचेही पाठ झाले.

मंडळाचा अध्यक्ष चंदन त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. शनिवारी पत्रू दुकान बंद ठेवायचा आणि दुपारी दोघं तलावाच्या पाळीवर गळ टाकून बसायचे. मासे बेताचेच मिळत, गप्पा मात्र भरपूर होत. त्या शनिवारी चंदन सकाळीच दारात आला.

“पत्र्या, चिमूरले जाऊन ये ना बे. माहे गुडघे धरले आहे. पाहुणा येऊन राह्यला, एक गादी अन् चांगली रजई पाह्यजे. दुपारी भेटूच पाळीवर.”

पत्रू निघाला. गादी-रजई घेऊन मोटारसायकलवर बांधत होता तोच फोन वाजला. आता गेलाच आहेस तर फवारणीच्या पंपाचं वायसरही घे. वायसर घेतलं तर चंदनच्या बायकोचं, रीता वहिनीचं पोलकं शिंप्याकडून आणायचं निघालं. शिंप्यानं तासभर बसवून ठेवलं. पोलकं हातात पडतं न पडतं तोच पुन्हा फोन. चहापत्ती, चंदनच्या आईचं औषध, आणि मग थेट भिसी गावाला जाऊन कुणाकडून तरी सतरंज्या. पत्रूला राग आला नाही. दोस्ताचे गुडघे दुखतात म्हटल्यावर राग कसला यायचा! भिसीचा रस्ता धरणार, इतक्यात फोनची बॅटरी संपली. सतरंज्या नेमक्या कुणाकडून घ्यायच्या, ते विचारायचं राहूनच गेलं. मग तो सरळ गावाकडे वळला आणि दुपारी पाळीवर जाऊन उभा राहिला.

पाळीवर कोणीच नव्हतं. समाजमंदिराकडून पेटीचे सूर येत होते. तालीम तर उद्या होती. गादी-रजई गाडीला मागं बांधलेली, तसाच तो तिकडे गेला.

आत सगळं मंडळ जमलं होतं. चंदन पुढच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला होता, आणि मधोमध एक गोरागोमटा पोरगा छातीवर हात ठेवून बापाचे संवाद म्हणत होता. वडशाच्या नाटक कंपनीतला विक्की. त्याला पत्रूनं मोबाइलवर कितीदा पाहिलं होतं. पत्रूला पाहताच पेटी थांबली. कोणी पायाकडे बघू लागलं, कोणी छताकडे. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या त्यालाच नव्हतं.

चंदनच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? “फोन काऊन बंद ठेवला बे?”

पत्रूला उमगलं, सकाळपासून आपण चंदनची कामं करत नव्हतो. आपल्याला गावाबाहेर ठेवणं हेच काम होतं. आणि रजई? ती ज्या पाहुण्यासाठी होती, तो समोर उभा होता.

“सांगणारच होतो तुले,” चंदन उठून जवळ आला. “पण तोंडच नाई झालं. गावच्या नटाले पाहाले कोन येते आता? विक्कीचं नाव टाकलं का चार गावं येते. मंडळाचा विचार करा लागते ना!”

पत्रू मागं भिंतीशी जाऊन उभा राहिला. चंदननं हात हलवला आणि तालीम पुढं सुरू झाली. दुसऱ्याच संवादाला विक्की अडला. इकडे तिकडे पाहू लागला. पत्रूच्या तोंडून पुढचं वाक्य आपसूक बाहेर पडलं, खड्या आवाजात, जसं मंचावर निघतं तसं.

चंदनचा चेहरा खुलला. “म्हटलं नव्हतं का म्या! पत्र्या, तू मंचासमोर पेटीवाल्याजवळ बस अन् याले वाक्य देत जा. तुह्याशिवाय हे नाटक होतच नाई.”

इतका वेळ आवरलेला पत्रू तिथं फुटला. “माही पोरगी सासरच्याईले घेऊन येऊन राह्यली, चंदन. तुले मालूम होतं. तिचा सासरा मंचावर पाहीन, अन् मी खाली बसून दुसऱ्याच्या कानात बोलू?”

“एवढं काय मनाले लावून घेतं बे? काम ते कामच.”

विक्की बिचारा हात जोडून म्हणाला, “भाऊ, शेवटचा प्रवेश एक डाव सांगा ना. पोरीच्या पाया पडते बाप, तवा काय म्हणते?”

सगळे पत्रूकडे पाहत राहिले. ते वाक्य त्यानं पोळ्यापासून रोज म्हटलं होतं. एकदा तर म्हणता म्हणता तो स्वतःच रडला होता, आणि ते ऐकायला समोर चंदनच बसला होता. आताही ते वाक्य ओठांवर आलं. पत्रूनं चंदनच्या डोळ्यात पाहिलं.

“मले आठवत नाई,” तो म्हणाला.

सकाळपासून चंदननं फोनवर किती खोटं ऐकवलं होतं. पत्रूचं हे एकच, तेही सगळ्यांच्या समोर. मग तो बाहेर आला, मोटारसायकलवरची गादी-रजई सोडून समाजमंदिराच्या पायरीवर ठेवली आणि यंदा मंचावरचा बाप दुसराच आहे, हे लेकीला फोनवर सांगायला घरी गेला.