ऐन लग्नसराईत नाकाचं ऑपरेशन

पारोळ्याच्या रतिलाल नानांच्या बँडमध्ये सुकदेव क्लॅरोनेट वाजवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याच्या वाजवण्यावर नवरदेवाचे मामासुद्धा नाचायला उतरतात, पण या माणसाचं नाक गेली सहा वर्षं बंद होतं. तोंडानेच वाजवायचं आणि तोंडानेच श्वास घ्यायचा, म्हणजे एकाच दारातून वऱ्हाड आत आणि बाहेर. गाणं रंगात आलं की तो मध्येच थांबून हवा ओढायचा. लोकांना वाटायचं, मास्तरांची ती खास लकब आहे.

कपाळ दुखायचं, डोळ्यांमागे ठणकायचं. बाम झाला, वाफ झाली, ओव्याची पुरचुंडी झाली. बायको रूपा म्हणायची की औषधाच्या दुकानात दिलेल्या पैशांत एव्हाना नवं क्लॅरोनेट आलं असतं. शेवटी तिनेच त्याला जळगावला नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे हवा असायला पाहिजे. तुमच्याकडे हवेला जागाच नाही."

नाकात मांसाचे कोंब वाढले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, खर्च सत्तर हजारांच्या आसपास. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा करू, असंही डॉक्टर म्हणाले. सुकदेवने फाईल काखेत मारली आणि तो बाहेर आला.

बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या अभिमनने त्याला धुळ्याच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवली. तिथे ऑपरेशन जवळजवळ फुकट होणार होतं. अडचण तारखेची होती. मिळाली ती आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यातली, म्हणजे लग्नांचा नुसता पूर असतो तेव्हाची. तारीख लिहिता लिहिता डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काम काय करता?"

"बँडमध्ये आहे."

"काय वाजवता?"

"क्लॅरोनेट."

मॅडमचा पेन थांबला. "मग निदान सहा आठवडे फुंकायचं नाही. आत जखमा असतात, रक्त येईल."

"पुढची तारीख नाही का मिळणार?"

"मिळेल की. दिवाळीनंतरची."

"दिवाळीनंतर परत लग्नंच असतात, मॅडम."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, घरी विचारून सांगा.

परतीच्या बसमध्ये त्याने बराच हिशेब केला. जळगावला बिल मोठं, पण सीझन वाचतो. धुळ्याला बिल नाही, पण सीझन जातो. दोन्हीकडून खिसा फाटतोच. रूपाने एवढा विचार केला नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "धुयालेच करी टाका. सीझन दरसाल येस. नाक एकच शे."

"नानाले काय सांगू?"

"सांगा, मास्तर नाक लेवाले गयात."

रतिलाल नानांनी ऐकलं आणि वही उघडून पाहिली. निम्म्या सुपाऱ्या मास्तरांच्या नावावर घेतलेल्या होत्या. मग म्हणाले, "फुंकायचं नाही ना? हात तर चालतात. बरं वाटलं की ये आणि पुढे उभा राहून खुळखुळा वाजव. निम्मी मजुरी देईन."

ऑपरेशन नीट झालं. आखाजीला घरात मांडे आणि आमरस होता, पण सुकदेवला कशाचीच चव लागली नाही. पुढे नाक धुवायची बाटली, स्प्रे, बसभाडं असं करत फुकटच्या ऑपरेशनला सहा-सात हजार लागलेच. ते रूपाने भिशीतून काढले.

तीन-चार आठवड्यांनी पाचोऱ्याच्या वरातीत तो लाल कोट घालून खुळखुळा हलवत उभा राहिला. क्लॅरोनेटला नानांनी बाहेरून माणूस आणला होता. नवरीच्या काकांनी येऊन विचारलं, "ते तुमचे नामी मास्तर कुठे आहेत?"

"रजेवर आहेत," सुकदेव म्हणाला आणि खुळखुळा हलवत राहिला.

जूनमध्ये मॅडमनी तपासून परवानगी दिली. हंगामातलं शेवटचं लग्न नशिराबादला होतं. सुकदेवने ओठांना क्लॅरोनेट लावलं. सूर निघाला आणि लांबतच गेला. श्वास आपोआप नाकातून येत होता, त्यामुळे थांबायचं कुठे हेच त्याला कळेना. नाचणारे दमून बाजूला झाले, नाना हाताने पुरे पुरे करत होते.

त्या दिवशी निघायच्या आधी गाडीत एक गोष्ट घडली होती. कोट अंगात घालता घालता सुकदेवला सहा वर्षांत पहिल्यांदाच वास आला आणि तो दचकून थांबला.

"काय मेलंय इथे?"

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी अभिमन म्हणाला, "मास्तर, तो तुमचा कोट आहे."

घरी येऊन त्याने रूपाला जाब विचारला. ती म्हणाली, "सा वरीस तो कोट मी दारना बाहेर टांगस. तुमले वाटे वारा लागाले."

आता कोट दर आठवड्याला धुतला जातो. रोज सकाळी नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं, मग स्प्रे मारायचा. कोंब परत येऊ शकतात असं मॅडमनी बजावलंय, म्हणून स्प्रेचा खर्च चालूच आहे. सुकदेव त्याची कुरकुर करत नाही. क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती झिजली की बदलावी लागते, तसंच हेही, असं म्हणतो आणि रियाजाला बसतो.