चार भेंड्या आणि लाल शाईचे दोन मार्क

यंदा अकरावीचे वर्ग सुरू व्हायच्या आठवड्यात माझ्या जुन्या कॉलेजातून फोन आला. नव्या पोरांना जीवशास्त्राचा अभ्यास कसा करायचा ते सांगायला या, अर्धा तास बोला, म्हणाले. वडीगोद्रीजवळ हायवेला माझी भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे, आणि पहिल्या फोनवर हो म्हणायची मला सवय नाही. त्यात आवाज ओळखला तेव्हा तर तोंडाशी आलेला होकारही गिळला. ते आमचे जीवशास्त्राचे सर होते. माझ्या दोन मार्कांचा निकाल त्यांच्याकडे इतकी वर्षं अडकलेला होता.

मी म्हणाले, "येते सर. पण माझं जर्नल घेऊन येते."

सर म्हणाले, "ते अजून ठेवलंय का तू?"

ठेवलंय म्हणजे काय! नर्सरीचं लायसन ज्या पत्र्याच्या पेटीत आहे, त्याच पेटीत, लायसनच्या वर ठेवलंय.

पोरांना मी जे सांगितलं ते कळायचं तर त्या जर्नलाची गोष्ट आधी कळली पाहिजे.

आमचं गाव तीर्थपुरीच्या पलीकडे. आई कपाशीचं संकरित बी तयार करायच्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी मीही. क्रॉसिंग म्हणजे संध्याकाळी मादी ओळीतल्या उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि नर, म्हणजे पुंकेसर, एका फिरकीत उतरवायचे, आत फक्त मादीची काडी ठेवायची आणि वर कागदी पिशवी चढवायची. सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं, लाल दोरा बांधायचा, की पुढची कळी. आमच्या गल्लीत मुलीनं शिकायचं की नाही यावर कधी चर्चा झाली नाही, ते ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की सायन्स झेपेल का. आईला त्यात शंका नव्हती. ती म्हणायची, "फुलाचं समदं तर तुला येतंय, मंग राह्यलं काय?"

बरंच राहिलं होतं. अकरावीचं पुस्तक इंग्रजीत. पहिल्या आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं की सुट्टीत प्लॉटवर कोण कोण जातं. आम्ही पाच जणींनी हात वर केले. सरांनी शांतपणे सांगितलं की दरवर्षी अशा मुली बारावीत अडकतात, आर्टला जा, अजून बदलता येतं. चौघी गेल्या. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि सौदा केला. पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकलला वीसपैकी दहा मिळाले तर मी सायन्सला राहणार, नऊ मिळाले तर स्वतःच्या हातानं बदलीचा अर्ज लिहिणार. सर म्हणाले की हा भाजीबाजार नाही. पण बरं म्हणून मानही हलवली.

तीन महिने मी पेटून अभ्यास केला. पुस्तकातला प्रत्येक इंग्रजी शब्द मी हातातल्या कामाला बांधला. आम्ही नर काढणं म्हणायचो त्याला पुस्तकात इमॅस्क्युलेशन असं लांबलचक नाव होतं. ज्या काडीवर आम्ही फूल फिरवायचो तिच्या टोकाला स्टिग्मा म्हणायचे. मला इतका आनंद झाला की प्लॉटवरच्या बायकांना मी ती नावं शिकवत सुटले. आईच्या शेजारची काकू दिवसभर "माझे पंचवीस स्टिग्मे झाले" म्हणून हसत होती.

प्रॅक्टिकलच्या दिवशी शिपाईमामांना जास्वंदीची फुलं मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी कॉलेजामागच्या आपल्या वाफ्यातली भेंडीची फुलं आणली. भेंडीचं फूल आणि कपाशीचं फूल सख्ख्या बहिणी. प्रश्न होता की फुलाचे भाग सुटे करा, आकृती काढा, नावं द्या. पाच मार्कांचा. मी फूल हातात घेतलं, प्रश्न पुन्हा वाचायला मान वळवली, आणि तेवढ्यात अंगठ्यानं आपलं काम उरकलं. एक फिरकी. पाकळ्या आणि नर चुरगळून जमिनीवर, बोटात नुसती काडी. उमललेल्या फुलाचे नर काढून काही उपयोग नसतो हे मला माहीत होतं. हाताला कोण सांगणार?

दुसरं फूल मागितलं तर सर म्हणाले की एकाला एकच. मी उरली होती त्या काडीची आकृती काढली आणि नावं दिली. सरांनी पाचात शून्य दिलं. एकूण झाले आठ.

मी चिमटा टेबलावर इतक्या जोरात आपटला की पलीकडच्या पोराच्या हातातली काचपट्टी पडली. मग आवाज खाली आणला, कारण आवाज चढवून भाव कधीच मिळत नाही हे तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले की फुलाचं काम मला येतं की नाही ते फुलालाच विचारू. मामांच्या वाफ्यातल्या पाच कळ्या मी आज संध्याकाळी करते, सकाळी पराग लावते. पाचातल्या तीन भेंड्या धरल्या तर दोन मार्क. आणि सहावी कळी मी नर काढून, पराग न लावता, पिशवीत बांधून ठेवते. ती गळली पाहिजे. नाही गळली तर पाचही भेंड्या वाऱ्यानं आल्या असं समजा, मी अर्ज लिहिते.

सर म्हणाले, कर. सहाव्या कळीनं त्यांना पकडलं होतं हे मला आता कळतं.

पुढचे पाच दिवस सगळा वर्ग मधल्या सुट्टीत वाफ्यापाशी. मामा कुणाला आत येऊ देईनात. "माझी भाजी हाये का तमाशा?" म्हणायचे, आणि स्वतः दर तासाला वाकून बघून यायचे. तिसऱ्या दिवशी सहावी कळी पिवळी पडून गळली. पाचव्या दिवशी चार लाल दोऱ्यांखाली बोटाएवढ्या, लवदार, हिरव्यागार भेंड्या होत्या. पोरींनी मला उचलून घेतलं. मी राहिले. आर्टला गेलेल्या चौघींपैकी दोघी दुसऱ्या दिवशी परत अर्ज घेऊन आल्या.

आणि मग जर्नल हातात आलं. आठच्या पुढे सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: "ग्रेस २. एकूण १०."

ग्रेस! दयेचे मार्क! मी सरांकडे गेले. ते म्हणाले, भेंडी धरण्याला अभ्यासक्रमात रकाना नाही, दुसरं काय लिहू, पास झालीस ना? त्यांचा हेतू चांगला होता. पण मी दया मागितलीच नव्हती. मी सौदा केला होता आणि माल दिला होता.

तर यंदा त्या हॉलमध्ये दीडशे पोरं, कोपऱ्यात म्हातारे झालेले शिपाईमामा, पहिल्या रांगेत सर. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. मी पोरांना सांगितलं की जीवशास्त्र पाठ करू नका, त्याला हात लावा. घरात, शेतात, स्वयंपाकात जे आधीच येतं त्याला पुस्तकातलं नाव बांधा, मग नाव सुटत नाही. आकृती पुस्तकातल्या आकृतीवरून काढू नका, समोर जे आहे ते काढा. पेन्सिल टोकदार ठेवा, नावं एका बाजूला, एकाखाली एक, रेघा एकमेकींवरून जाऊ देऊ नका. जर्नल शेवटच्या आठवड्यात शेजारच्याचं उतरवून काढलं की सरांना लगेच कळतं, कारण चुकाही उतरतात. कळलं नाही तर वर्गातच विचारा. आणि प्रॅक्टिकलला प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत दोन्ही हात खिशात.

इथे पोरं हसली, मग मी त्यांना का ते सांगितलं. अख्खी गोष्ट, लाल शाईसकट. जर्नल उघडून पहिल्या रांगेत फिरवलं. सर शेवटच्या पोराकडून ते घेऊन उठले आणि माइकपाशी आले.

ते म्हणाले, "मी पंचवीस वर्षं इमॅस्क्युलेशन शिकवलं. एकदाही केलं नाही. मला जे येत नव्हतं त्याला मी ग्रेस म्हणालो." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तो शब्द तुझ्यासारखीच अट घालून खोडतो. तू मला शिकव, मी चार कळ्या करतो. निम्म्या धरल्या तर खोडीन."

सौदेबाजी शिकवली कुणी यांना?

संध्याकाळी मामांच्या वाफ्यात सर वाकले, आणि सगळी अकरावी भोवती. पहिल्या कळीत त्यांनी नराबरोबर काडीही उपटली. ती चारांत मोजायची नाही असं मीच ठरवलं. दुसरीत नख घसरलं. "सर, कळी आहे, बरणीचं झाकण नाही," मी म्हणाले, आणि पोरं वाफ्यात लोळली. पुढच्या कळ्यांत जरा हात बसला. सकाळी मी परत गेले, परागासाठी फुलं निवडून दिली, चार दोरे त्यांनी स्वतः बांधले.

पाच दिवस माझं नर्सरीत लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला मी मिरचीऐवजी वांग्याचे ट्रे काढून दिले, आणि वर त्यालाच रागावले. सहाव्या सकाळी मी वाफ्यावर पोचले तेव्हा सर आधीच उभे होते, चेहरा पाडून. चारातली एकच भेंडी धरली होती. पण काय धरली होती! सरळ, टोकदार, दोरा गळ्यात घालून नवरदेवासारखी.

"निम्म्या नाही झाल्या," सर म्हणाले. "एक कमी पडली."

अट सरांची, मार्क माझे, आणि ते पुन्हा एकदा एका भेंडीवर अडकलेले. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मागून पोरं माना उंच करून बघत होती.

मी म्हणाले, "सर, तुम्हाला एक ग्रेस देते."

सर इतके हसले की त्यांना बांध धरून बसावं लागलं. मग त्यांनी जर्नल मांडीवर घेतलं, तो शब्द खोडला, सही केली, आणि बाजूला "प्राप्त गुण २" लिहिलं. सगळं लाल शाईतच. तेवढं पेन मी घरून नेलं होतं.