राबाची काडी

डोळखांबच्या स्टँडवर माझा मुलगा पिशव्या एसटीत चढवत होता आणि माझा धाकटा दीर हात मागे बांधून उभा होता. नवरा गेला, गुडघे गेले, म्हणून मुलगा मला कल्याणला नेत होता. मी दिराला चार माणसांत सांगितलं, शेत तुम्ही बघा. तो म्हणाला, "वयनी, काळजी नको." काळजी तेव्हाच करायला हवी होती.

कल्याणला सून हॉलमध्ये इंग्रजीची ट्यूशन घेते. मी चौथी शिकलेली, आत लसूण सोलत ऐकते. गिव्ह म्हणजे देणं, गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. लुक म्हणजे पाहणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. पोरं रोज चुकतात, सून रोज ओरडते. त्या पोरांना निदान शिकायचं तरी आहे. आमच्या पाड्यावरच्या शहाण्यांना तेही नको.

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून राब भाजतात. कष्ट कोणीही करो, काडी शेताच्या मालकानेच लावायची. माझा नवरा अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याला खाटेसकट शेतावर नेला. खाटेची एक बाजू याच दिराने धरली होती. म्हणजे रीत त्याला माहीत नाही असं नाही.

यंदा शेजारच्या पारूचा फोन आला. "राब भाजला पण गो. तुला नाय बोलावलं?"

मी दिराला फोन लावला. तो म्हणाला, "तुमीच सोडून गेलात. आता काडी लावायला कल्याणवरून मानूस आनायचा काय?"

मुलाला सांगितलं, तर तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना आई." सुनेने मात्र ट्यूशनच्या पोरांना पाच मिनिटं गप्प बसवलं आणि मला विचारलं, नक्की काय बोलला होतात? मी सांगितलं. बघा म्हटलं होतं, घ्या म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, मग भांडा.

म्हणून हे लिहिते आहे. पाड्यावर सगळ्यांसमोर वाचा. मी गावाहून गेले, गाव सोडून दिलं नाही. शेत बघायला दिलं, देऊन टाकलं नाही. घर म्हणजे माया, ओढ, असलं मला सांगू नका. तिथली माया मी पाहिली. ज्या जमिनीवर काडी लावायला माझी वाट बघावी लागते, ते माझं घर.

पुढच्या राबाला मी येते. भावजी, पाला रचून ठेवा आणि बाजूला उभे राहा.