भाऊची अक्कलदाढ

भाऊ धुळ्याला माझ्याकडे आला तेव्हा त्याचा उजवा गाल इतका सुजला होता की दारातला माणूस माझा सख्खा भाऊ आहे हे मला पटेचना. जबडा जेमतेम बोटभर उघडत होता. आठवडाभर दाढ ठणकत होती म्हणे, आणि शिरपूरला वहिनी खड्याच्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून रोज गालावर शेक देत होती. आमच्याकडे पाय मुरगळो, कंबर धरो की दाढ दुखो, मिठाचा शेक ठरलेला. त्या शेकाने सूज पार गळ्यापर्यंत पसरली होती. मला राग दाबून ठेवता येत नाही. तो मी फोनवर वहिनीवर काढला आणि भाऊला तसाच रिक्षात बसवला.

दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला खमक्या. आधी त्यांनी शेक बंद करायला लावला. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, पण बाहेरून गरम काही लावू नका, म्हणाल्या. मग दाढेचा एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. खालची अक्कलदाढ आडवी पडून पुढच्या दाढेला ढुशी देत होती. अक्कलदाढ सरळ आली असेल, घासता येत असेल, काही त्रास नसेल तर उगाच तिच्या वाटेला जाऊ नये, असं त्या म्हणाल्या. पण अडकलेली, पुन्हा पुन्हा सुजणारी, शेजारच्या दाढेला कीड लावणारी असेल तर ठेवून उपयोग नाही. सूज उतरली की काढू.

भाऊने मान हलवली ती नकाराची. घरी येताना रिक्षात जबडा न हलवता मला म्हणाला, "डोयानी नस दाढमा ऱ्हास, बाई. दाढ गयी का नजर गयी."

भाऊ शाळेची पिवळी बस चालवतो. सातपुड्याच्या पायथ्याची गावं घेत घेत शिरपूरला पोरं आणायची आणि संध्याकाळी पोचवायची. यंदापासून जूनमध्ये शाळा उघडण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरची नजर तपासणार होते, नापास झाला की बस गेली. त्याच्या भीतीला कारण होतं, हे मलाही कळत होतं. पण म्हणून सडकी दाढ तोंडात सांभाळायची?

पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरात कोणालाच चैन नव्हतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत हा खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून खोलीत. मी भांडी घासायला बसले की मध्येच उठून त्याला समजवायला जायची. दाढेची नस वेगळी, डोळ्याची वेगळी, हे डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून सांगितलं होतं, तेच मी पुन्हा सांगायची. गल्लीतल्या बायकांनी माझ्या समजावण्यावर पाणी फिरवलं. कोणाच्या सासऱ्याला दाढ काढल्यावर अंधुक दिसायला लागलं होतं, कोणाच्या मामाला तर एकच डोळा उरला होता. भाऊ हे सगळं कान देऊन ऐकायचा. त्याच्यासाठी पातळ खिचडी करता करता मी जाम वैतागले होते. रात्री त्याचं कण्हणं ऐकलं की मात्र उठून त्याच्या उशाशी जाऊन बसायची.

मग शाळेतून फोन आला की डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. आता हा पळून शिरपूरला जाणार, असंच मला वाटलं. झालं उलटंच. फोन ठेवून तो सरळ स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "सकायलेच काढी टाकूत." मी खूश. अखेर माझ्या बोलण्याचा उपयोग झाला म्हणून नवऱ्याजवळ दोनदा मिरवूनही घेतलं.

दाढ हट्टी निघाली, तुकडे करून काढावी लागली. तेवढा वेळ मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत-चढत होते. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा पाणी दिलं, ते तसंच राहिलं. भाऊ बाहेर आला तो गालात कापूस दाबून, घामाघूम, पण चेहऱ्यावर एक विचित्र सुटका. दुखणं गेल्याची असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला वाटीत आइस्क्रीम दिलं. दोन चमचे खाल्ल्यावर तो म्हणाला, शाळेत तू फोन कर. सांग की दाढ काढल्यापासून भाऊला लांबचं अंधुक दिसतंय, दाढेमुळे झालंय, म्हणजे ते कामावरून काढून टाकणार नाहीत, सांभाळून घेतील.

मी चिडले. काल काढली आणि आज नजर गेली? डॉक्टरीणबाईंकडे चल, आत्ता चल, म्हणून मी चप्पल शोधायला लागले. तो जागचा हलला नाही. त्याने वाटी खाली ठेवली.

"दाढनं नही व्हयनं, बाई. दोन वरीस व्हयनात, माले लांबनं दिखत नही."

मी तिथेच खाली बसले. तो रस्ता, ती वळणं, पिवळ्या बसच्या खिडक्यांतून डोकावणारी ती डोकी माझ्या डोळ्यांसमोर आली. दोन वर्षं तू बस चालवतोस कशी, एवढंच मी विचारू शकले.

"पुढला सीटवरना पोरे सांगतस," तो म्हणाला. "भाऊ, बैलगाडी शे. भाऊ, सायकल शे. खेळ शे आमना."

त्याला वाटलं असावं, मी हसेन. मला रडू फुटलं, आणि त्याच्यावर इतका राग आला की मी त्याच्या सुजलेल्या गालाकडे बघूही शकेना. पोरांना तो जीव लावतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

शाळेचा नंबर त्याच्याच फोनमध्ये होता. त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि तोंड भिंतीकडे केलं. काय सांगायचं ते मी त्याला विचारलं नाही; दाढेचं नाव मी घेणार नव्हते. रिंग जात होती तेवढ्या वेळात मला अडवायला त्याने एकदाही माझा हात धरला नाही.