आलेला हात

शनिवार, वीस सप्टेंबर. नवरात्र तोंडावर आलं म्हणून सकाळपासून ओटा घासत होते. परभणीतल्या आमच्या देवीच्या देवळाची भिंत आणि माझं खण-नारळाचं दुकान, यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत हा ओटा. एक माणूस मांडी घालून कसाबसा बसेल एवढाच. फटींतून काचेचे तुकडे निघाले. घासता घासता माझीही एक बांगडी भिंतीला लागून फुटली.

"हात ढिला सोडा, बाई." याच ओट्यावर बसून वर्षानुवर्षं बांगड्या भरणाऱ्या कासारमामांचं हे वाक्य देवळात येणाऱ्या प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. हात ताठ धरला की काच फुटते, आणि मामांना फुटलेली काच सोसत नसे.

दुसरं वाक्य, "आलेला हात रिकामा पाठवायचा न्हाई. देवीचा नेम हाय." नवरा गेल्यावर मी त्यांच्यापुढं हात धरला, तेव्हा हिरव्या मात्र दिल्या नाहीत. "हिरव्या सवाष्णीच्या. शास्त्र हाय ते." निळ्या भरल्या. बायका बरेच दिवस कुजबुजल्या. मला बांगड्या सोयीच्या. वाजल्या की गिऱ्हाइकाला कळतं, आत माणूस आहे.

या उन्हाळ्यात दोघी आल्या. एक आमच्याच गल्लीतली. तिच्या पहिल्या बांगड्या मामांनीच भरलेल्या. दुसरी तिच्यासोबत दवाखान्यात नोकरीला.

"मामा, लग्नाचा चुडा भरायचाय."

"भरू की. नवरी कोण?"

दोघींनी हात पुढं केले. मामा हसले, मग थांबले. "पोरींनो, थट्टा करायलात का?"

"न्हाई मामा," गल्लीतली म्हणाली. "कायदा मानंना, घरचे मानंनात. आमी देवीपुढं एकमेकींना हार घालणार हावोत."

"देवी तरी मानती का?"

"ते तिला विचारू. तुमी हात बघा."

मामा त्या मनगटांकडं बघत बसले. "हे लगीन मी मानत न्हाई," शेवटी म्हणाले. "आपल्या धर्मात बाईचं लगीन बाप्याशीच. पण तुमचा देव तुमच्यापाशी, माझा माझ्यापाशी. सोड हात ढिला."

दोघींना हिरवा चुडा भरला. चुडा भरला की कासाराच्या पाया पडायची रीत. दोघी वाकल्या. अशा वेळी मामा 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणत. तोंड उघडलं, पण ते शब्द आले नाहीत. "सुखी राहा," एवढंच म्हणाले.

गल्लीतली वाकलेलीच राहिली. "मामा, आशीर्वाद अर्धाच दिला."

"माझ्यापाशी व्हता तेवढा दिला, बाळा."

त्या गेल्यावर मी विचारलं, "मला निळ्या अन् यांना हिरव्या? हे कोणतं शास्त्र, मामा?"

"तेच तर उमगंना, बाई."

गोष्ट गावभर झाली आणि पुढच्या आठवड्यात देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आले. सभ्य माणूस, आवाज चढवला नाही. "मामा, रविवारी आरतीनंतर एवढंच सांगा, पोरींनी फसवून भरून घेतल्या. तेवढं सांगितलं की ओटा तुमचाच."

"खोटं व्हईल ते."

"मग हे धर्मात बसतं म्हणता?"

"तेबी म्हणत न्हाई."

"दोन्हीतलं एक धरावं लागेल."

मीही सांगून पाहिलं. "म्हणून टाका की. पोरी गेल्या पुण्याला, त्यांचं काय जातंय?"

मामा चिडले. मी त्यांना चिडलेलं तेव्हाच पाहिलं. "सरळ सांगून हात पुढं केला त्यांनी. देवीपुढं उभा राहून त्यांना लबाड म्हणू?"

रविवारी ते आरतीला उभे राहिले. आरती संपली, सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. मामा देवीकडं बघत होते. काहीच बोलले नाहीत.

सोमवारी पेट्या रिक्षात घालून पूर्णेला लेकीकडं गेले. कमिटीनं ओटा मला दिला. मी घेतला, जागा मला हवीच होती.

लेक फोनवर सांगते, जावई धंदा मांडू देत नाहीत, लोक काय काय विचारतात म्हणे. मामा दिवसभर आतल्या खोलीत बसून असतात.

ओटा घासला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन गर्दीच्या रविवारी, मी दुकान उघडलं नाही. बाजारातून बांगड्या घेतल्या आणि पूर्णेची गाडी धरली. मामा खरंच आतल्या खोलीत होते, भिंतीला टेकून. मी समोर बसले, बांगड्यांवरचा कागद सोडला. बांगड्या हिरव्या होत्या. मामांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मी हात पुढं केला. ढिला सोडला.