जाईबाई आणि सातवीची मध्ययुगीन मेजवानी

आमच्या सासूबाई, जाईबाई, राग आला की बोलत नाहीत, कणीक मळतात. १९९७च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ईडन प्रेरीच्या आमच्या किचनमध्ये एका संध्याकाळी त्यांनी इतकी कणीक मळली, की पुढे तीन दिवस आम्ही नुसत्या पोळ्या खाल्ल्या.

कारण होता एक गुलाबी कागद. माझी बारा वर्षांची लेक उपासना तो शाळेतून घेऊन आली होती. सातवीचा मध्ययुगाचा भाग शिकवून झाला होता. शार्लमेन झाला, क्रुसेड्स झाली, चंगीझ खान झाला, आता शुक्रवारी जिममध्ये मध्ययुगीन मेजवानी. कोण राजा, कोण बिशप, कोण भूदास, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर वेठीला बांधलेला, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. उपासनेला राणीची चिठ्ठी आली होती आणि पोरगी हवेत होती. मी तर माझी जांभळी सिल्कची साडी कापून तिला केप शिवायला बसले होते. चांगली, न फाटलेली साडी हो!

जाईबाईंनी भिंग धरून तो कागद वाचला. इंग्रजी त्यांना येतं. नागपूरच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय त्यांनी. वाचता वाचता एका ओळीवर बोट थांबलं.

"हे काय लिहून राहिले, अपर्णा?"

मी पाहिलं. भूदास जमिनीवर, दाराजवळ बसतील. पाण्याच्या पिचरला हात लावणार नाहीत. वाढणारे वरून पाणी ओततील, ते ओंजळीनं पितील.

"आई, गेम आहे तो. त्या काळी कसं होतं ते मुलांना कळावं म्हणून."

"त्या काळी?" एवढंच म्हणाल्या आणि परात ओढली.

जाईबाई सात वर्षांच्या असताना भंडाऱ्याकडच्या एका गावात शाळेत जायला लागल्या. शाळेत म्हणजे व्हरांड्यात. वर्ग आत, ह्या बाहेर, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली की चौथीतला एखादा पोरगा वरून पाणी ओतायचा, आणि ह्यांनी ओंजळ पुढे केली की मुद्दाम धार हलवायचा. अर्धं पाणी फ्रॉकवर, वर्गात हशा. चार वर्षं असं चाललं. बाई शिकल्याच पण! छप्पन साली, विसाव्या वर्षी, नागपुरात त्या लाखोंच्या गर्दीत उभं राहून दीक्षा घेतली आणि पुढे मास्तरीण झाल्या. वर्गात १३८१चा इंग्लंडमधल्या भूदासांचा उठाव शिकवताना ह्यांचा आवाज चढायचा म्हणे. त्याच्या दोनशे वर्षं आधी कर्नाटकातल्या कल्याणला ब्राह्मणाच्या मुलीचं आणि चांभाराच्या मुलाचं लग्न लावलं, म्हणून बिज्जल राजानं दोघांच्या बापांचे हाल हाल करून जीव घेतल्याचं सांगतात. ते पुस्तकात नव्हतं, तर ह्या फळ्यावर लिहायच्या. "तिकडचं परीक्षेला, इकडचं लक्षात ठेवायला," असं मुलांना सांगायच्या.

हे सगळं मला ठाऊक होतं. उपासनेला नव्हतं. मी आणि प्रफुल्लनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला सांगितलंच नव्हतं. इथल्या मराठी मंडळात आडनावावरून चौकशा करणारे कमी आहेत का, त्यात पोरीच्या डोक्यात कशाला भरवा, असं म्हटलं. मोठा शहाणपणा केला आम्ही, डोंबलाचा!

बुधवारी मृणालिनीचा फोन आला. ही डॉक्टर, मंडळात माझ्या बरोबरीची, चार वर्षं दिवाळीचा फराळ आम्ही एकत्र करतोय. माझ्या हातात सुई होती म्हणून मी स्पीकर लावला.

"अगं, आमच्या चारुताला भूदासाची चिठ्ठी आलीये. रडून रडून बेजार झालीये यार पोरगी. जमिनीवर बसायचं, ते वरून पाणी घ्यायचं, कसंतरीच वाटतं ना? टीचर म्हणतात, मुलींनी आपसात बदललं तर चालेल. तुमच्या उपासनेला काय, चालून जाईल. तुम्हा लोकांना त्याचं एवढं काही वाटत नाही."

तुम्हा लोकांना! चार वर्षं माझ्या हातचे अनारसे खाल्ले हिनं, आणि मनात हे! अंगाचा तिळपापड झाला, पण मी सुईत दोराच ओवत बसले. जाईबाईंनी कणकेच्या हातानंच रिसीव्हर उचलला.

"मृणालिनीबाई, जयभीम. उपासनाची आजी बोलते. गेमच आहे ना तो? मग बसू द्या चारुताला एक दिवस. आमची राणी खुर्ची सोडणार नाही."

फोन ठेवला. मला वाटलं, झालं, उतरला राग. कसला उतरतोय! रात्री जेवताना म्हणाल्या, "माय कशीही असो, पोट्टीचा काय गुन्हा? चारुताला तसं पाणी मी पिऊ देणार नाही. वाढायला पालक लागतात ना त्यांना? माझं नाव लिही."

शुक्रवारी जिममध्ये पांढऱ्या मेजपोसाच्या टेबलामागे उपासना बसली होती, पुठ्ठ्याचा मुकुट आणि माझ्या साडीचा केप घालून. दाराजवळ भूदास. टीचरनं हौसेनं कुठून तरी खरंखुरं गोणपाट आणून अंथरलं होतं. पांढरी साडी, वर स्वेटर, पायात स्नीकर्स, अशा जाईबाई पिचर घेऊन त्या गोणपाटापाशी गेल्या. पहिलीच चारुता होती. तिनं मान खाली घालून ओंजळ पुढे केली.

तेवढ्यात मेजपोसाच्या टेबलाकडून आवाज आला, "मेक हर बेग फॉर इट, आजी!"

माझ्या पोरीचा आवाज. भीक मागायला लाव तिला, म्हणे! सगळं टेबल हसलं.

जाईबाई खाली वाकल्या आणि पिचर आणि ग्लास चारुताच्या हातात दिला. "घे बाळा, आपल्या हातानं घे."

टीचर हसतच आली. अगदी गोड बाई. म्हणाली, भूदासांना हात लावता येत नाही, तो अनुभवाचा भाग आहे.

"मॅडम, आय हॅड दिस एक्सपीरियन्स," जाईबाई म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवायचा, भिंतीपर्यंत पोचणारा. "फोर इयर्स. नाइन्टीन फॉर्टी थ्री टू फॉर्टी सेव्हन. आय सॅट ऑन द सॅक. बॉइज पोअर्ड वॉटर अँड लाफ्ड. नॉट मिडीव्हल पीपल. मी." आणि त्यांनी आपली ओंजळ टीचरसमोर धरली. सुरकुतलेली, नखांत सकाळची कणीक.

टेबलावरचं हसू थांबलं होतं. चारुता मात्र गटागटा पाणी प्यायली, आणि ग्लास भरून शेजारच्या मुलाला दिला.

घरी येताना गाडी मी चालवत होते, जाईबाई शेजारच्या सीटवर होत्या. मागे उपासना, मुकुट मांडीवर. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं.

"आजी, वॉज दॅट ट्रू?"

"हो."

"मॉम, डिड यू नो?"

"हो," मी म्हणाले.

ती केपची गाठ सोडत होती. मी घट्ट बांधलेली, सुटत नव्हती.

"यू न्यू," ती म्हणाली, "अँड यू मेड मी धिस?"

सिग्नल हिरवा झाला. आमच्याकडे कुणी सहसा हॉर्न मारत नाही, पण त्या दिवशी मागच्या गाडीनं मारला.